मूलबंध लावा म्हणतात, पण नेमका कुठे?

प्रश्न: ताई, मी ४६ वर्षांची, इंदिरानगरला राहते. दोन मुली, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, धाकटीच्या वेळी टाके पडले होते. गेली चार-पाच वर्षं शिंक आली किंवा जोरात हसले की थोडी लघवी होते. यंदा श्रावणात घरातले सगळे ब्रह्मगिरीच्या फेरीला गेले, मी पाय दुखतो म्हणून घरी राहिले. पाय दुखत नव्हता. सकाळच्या योगवर्गात सर रोज ‘मूलबंध लावा’ म्हणतात. सगळ्या जणी डोळे मिटून लावतात, मीही लावते. पण नेमकं काय आवळायचं ते कोणी सांगत नाही आणि सरांना विचारायचं तरी कसं? शेवटी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. श्वास रोखून रोज शंभर वेळा करा, असं त्यात होतं. महिनाभर केलं. आता ओटीपोटात ओढल्यासारखं दुखतं, लघवीला बसलं की लवकर सुरू होत नाही, पोट साफ होत नाही आणि शिंकेचं होतं तसंच आहे. माझं काय चुकतंय? बंद करू का? सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, बाळंतपणानंतर हे सगळ्यांनाच होतं. त्यांचं तर कधीकधी ‘अंग’ बाहेर येतं, पण माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. त्यांनी मूलबंध केला तर चालेल का?

– एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, आधी सरळ सांगते. ते शंभर वेळा आजपासून बंद करा. मूलबंध, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत-वर उचलणं, वाईट म्हणून नव्हे, तुमचं शरीर नको म्हणतंय म्हणून. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, पोट साफ न होणं, ओटीपोटात ओढ बसणं, हे सगळं त्या एका महिन्यात आणि एकदमच सुरू झालंय. खालचे स्नायू आवळले जाताहेत पण सुटत नाहीयेत, असा याचा बहुधा अर्थ आहे. लघवीला बसल्यावर हे स्नायू सैल पडले तरच धार सुरू होते, शौचाचंही तसंच. दिवसभर मूठ वळून ठेवली तर हात दुखेल आणि त्या हाताने सुईत दोराही ओवता येणार नाही. तुमच्या ओटीपोटाच्या तळाचं सध्या तसं झालंय.

‘पाय दुखत नव्हता’ हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. वीस किलोमीटरची वाट, वरून पाऊस, खाली चिखल, आडोसा शोधायचा तर बरोबर दोघीतिघी हव्यात आणि त्यात ही धास्ती. श्रावणात नाशिकच्या किती घरांत कोणाचा ना कोणाचा पाय असा दुखत असेल, याची मला कल्पना आहे. माझाही दुखायचा. धाकट्याच्या जन्मानंतर वर्षाने आम्ही वणीच्या गडावर गेलो होतो. पाचशे पायऱ्या चढताना काही झालं नाही, उतरताना झालं. जवळजवळ प्रत्येक पायरीला थोडं थोडं. गडद साडी होती म्हणून निभावलं. तेव्हा मला योग शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती. ‘मूलबंध लावा’ हे मी रोज सकाळी म्हणत होते आणि स्वतःही लावत होते. पुढची सहा वर्षं हे कोणाजवळ बोलले नाही. मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, “तुम्ही वर उचलत नाही आहात, खाली ढकलताय.” आठ वर्षं मी उलटी क्रिया करत होते आणि इतरांनाही तिची सूचना देत होते.

म्हणून तुमचं काय चुकलं या प्रश्नाला माझं उत्तर आहे, तुमचं काहीच चुकलं नाही. जी जागा दिसत नाही, तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, तिथला स्नायू नुसत्या तोंडी सूचनेवर सापडावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये ४७ बायकांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हे स्नायू आवळायला सांगितलं होतं आणि लगेच तपासलं होतं. नीट जमलं निम्म्याच जणींना. चौथाई जणी असं काही करत होत्या की त्याने लघवीचा त्रास उलट वाढावा. तुमच्या वर्गात चाळीस जणी असतील, तर डोळे मिटून बसलेल्या त्या सगळ्यांना जमतंय असं समजू नका.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. हठप्रदीपिकेत मूलबंध सांगताना टाचेने शिवणीची जागा दाबा, गुद आकुंचित करा आणि अपानाला, म्हणजे खाली जाणाऱ्या वायूला, वर ओढा, असं म्हटलं आहे. आणि नाशिककरांना तर याची परंपरा घराजवळची. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा उपदेश मिळाला तो याच ब्रह्मगिरीवर, असं मानतात. त्यांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे. त्यांच्या धाकट्या भावाने १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंधाची जागा अक्षरशः बोटांनी मोजून दिली आहे. गुद आणि जननेंद्रिय यांमध्ये चार बोटं जागा, दोन्हीकडची दीड-दीड बोटं सोडा, मध्ये उरतं ते एक बोट, तिथे टाच. इतकं नेमकं सांगणारा शिक्षक मला आजही क्वचित भेटतो.

पण हे वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बोटांनी मोजलेलं ते शरीर पुरुषाचं आहे. बाईच्या शरीरात त्या दोन टोकांच्या मध्ये योनीमार्ग आहे, आणि तो आणि गुदद्वार यांमधली जागा पुरुषापेक्षा बरीच आखूड. तुमचे टाके पडले असतील ते बहुधा नेमके तिथेच. तेव्हा टाच दाबून किंवा मोजून आपल्याला मूलबंध सापडणार नाही, तो आतून जाणवून शोधावा लागतो. ‘गुदद्वार आवळा’ एवढ्याच सूचनेवर बहुतेक जणी फक्त मागचा भाग आवळतात, ती झाली अश्विनी मुद्रेची, म्हणजे गुदद्वार आवळण्या-सोडण्याच्या वेगळ्या क्रियेची, सुरुवात. तुमच्या तक्रारीला पुढचा भाग, लघवीच्या मार्गाभोवतीचा, कामाला लागायला हवा.

ओटीपोटाचा तळ म्हणजे एक झोळी आहे असं समजा, तान्ह्या बाळाची असते तशी. तिची एक गाठ पुढे जांघेच्या वरच्या हाडाला, एक मागे माकडहाडाला, दोन बाजूंना. त्या झोळीत मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक विसावलेलं असतं, आणि लघवीचा मार्ग, योनीमार्ग, गुदद्वार तिच्यातूनच खाली येतात. बाळंतपणात ही झोळी कमालीची ताणली जाते. पाळी जायच्या सुमारास अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि तिथलं आतलं अस्तर पातळ होतं. चाळिशीनंतर त्रास जाणवायला लागतो त्याचं हे एक कारण. शिंक आली की पोटातला दाब एकदम झोळीवर आदळतो. झोळी वेळेवर आवळली गेली नाही की दोन थेंब निसटतात.

ही झोळी एका जागी स्थिर नसते. श्वास घेतला की छातीखालचा पडदा खाली येतो आणि तिच्यावर हलका भार पडतो, ती किंचित खाली जाते. श्वास सोडला की ती आपोआप वर येते. म्हणजे उचलायचं ते श्वास सोडताना, कारण तेव्हा शरीरही तेच करत असतं. तुम्ही महिनाभर छाती भरून घेऊन, श्वास कोंडून, पोट ताठ करून खालचं आवळलंत. वरून दाब आणि खालून आवळ, मध्ये सापडले ते स्नायू. दाबाची ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी मोजली गेली आहे. लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत १९२४ च्या सुमारास स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या पोट आत ओढून करायच्या क्रिया करणाऱ्यांच्या पोटातला दाब यंत्र लावून तपासला. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असं त्यांना आढळलं. उड्डियान श्वास पूर्ण बाहेर टाकून करतात, त्यामुळे झोळीवरचा भार हलका होतो. भरलेल्या छातीने कुंथल्यासारखं केलं तर नेमकं उलट होतं. परंपरेत मूलबंध कुंभकाबरोबर, म्हणजे श्वास रोखण्याबरोबर, येतो हे खरं आहे. पण तो खूप सरावानंतर येतो, शिंकेला लघवी होणाऱ्या बाईच्या पहिल्या महिन्यात नव्हे. तुम्हाला सध्या कुंभक नको. रक्तदाब असेल तर अजिबातच नको.

पहिले दहा-बारा दिवस काहीही आवळायचं नाही, फक्त सोडायला शिकायचं. सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सगळ्या जणी नेमका हाच गाळतात. उताणं पडा, तळवे एकमेकांना लावून गुडघे बाजूला सोडा, म्हणजे सुप्त बद्धकोणासन. दोन्ही गुडघ्यांखाली लोड किंवा घडी घातलेली गोधडी ठेवा, मांड्या अधांतरी राहायला नकोत. एक हात बेंबीखाली. नाकाने श्वास घ्या आणि तो जणू पार बसण्याच्या हाडांपर्यंत पोचू द्या. पोट वर येईल. खाली, लघवीच्या आणि शौचाच्या जागी, काहीतरी पसरल्यासारखं, कळी उमलल्यासारखं जाणवेल. पहिल्या दिवशी जाणवणार नाही कदाचित, चौथ्या-पाचव्या दिवशी जाणवेल. श्वास सोडताना काहीच करू नका. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. लघवी सुरू होत नसेल तेव्हाही जोर न लावता हेच करा, पोट सैल, जबडा सैल, तीन-चार सावकाश श्वास. घरात कमोड असेल तर शौचाला बसताना पायाखाली जेवायचा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर आले की आतली वाट सरळ होते आणि कुंथावं लागत नाही. बद्धकोष्ठ आणि कुंथणं चालू राहिलं तर खालचा कोणताही व्यायाम फळणार नाही.

दुखणं ओसरलं, लघवी पूर्वीसारखी सुरू व्हायला लागली की मग मूलबंध शोधायला घ्या. रात्री खोलीचं दार लावून उताणं पडा, गुडघे वाकवलेले, पावलं टेकलेली. एका हाताची बोटं कपड्यावरून टाक्यांच्या जागेवर ठेवा, योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्या मध्ये. संकोच वाटेल, पण हे तुमचंच शरीर आहे. आता एकदा खोका. बोटांखाली ती जागा फुगून बाहेर येते. ही खाली ढकलण्याची दिशा. हिची ओळख करून घ्या, कारण मूलबंधात याच्या बरोबर उलट घडायला हवं.

आता नाकाने श्वास घ्या, सगळं सैल. मग गरम चहावर फुंकर घालावी तसा तोंडाने हळू सोडायला लागा आणि सोडता सोडता, चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे करतो ते अगदी हलकेच करा. तीच हालचाल पुढे आणा, लघवीच्या जागेपर्यंत, आणि आत-वर, बेंबीच्या दिशेने. बोटांखालची जागा किंचित आत गेली तर सापडलं. बाहेर फुगली तर ढकलताय, तिथेच थांबा आणि पुन्हा पहिल्या श्वासापासून सुरू करा. ज्यांना चालत असेल त्यांनी स्वच्छ हाताने एक बोट योनीमार्गात घालून पाहावं. बोटाभोवती हलकी पकड येऊन ते वर ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. आरसा धरून पाहिलं तरी कळतं.

जोर किती लावायचा? रुपयातला चार आणे. ताकद लावली की सीट आवळली जाते, मांड्या एकमेकींना चिकटतात, बेंबीवरचं पोट टणक होतं, जबडा मिटतो, श्वास अडकतो. यातलं काहीही झालं तर समजा की दुसरेच स्नायू धावून आलेत आणि हवा तो मागे राहिलाय. मूलबंध लावलेली बाई बाहेरून ओळखू येता कामा नये. बोलताही आलं पाहिजे. मी आमच्याकडच्या बायकांना मूलबंध लावून ‘भाजीला काय आणलं’ सांगायला लावते. ज्यांना सांगता येत नाही त्यांनी श्वास धरलेला असतो.

आणि सोडणं. श्वास संपला की उचललेली झोळी एकदम टाकू नका, सावकाश खाली येऊ द्या आणि ती पूर्ण खाली आली हे जाणवेपर्यंत थांबा. तीन सेकंद धरलं असेल तर सहा सेकंद सोडा. सोडणं पूर्ण झाल्याशिवाय पुढचा मूलबंध नाही. चार वेळाच झाले आणि पाचव्याला पकड सुटायला लागली, तर त्या दिवशीचा तुमचा आकडा चार.

आकड्याचं म्हणाल तर शंभराला काही आधार नाही. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात एका वेळी किमान ८ आकुंचनं, दिवसातून ३ वेळा आणि किमान ३ महिने असं सांगितलंय. म्हणजे दिवसाला २४. दोन-तीन सेकंदांपासून सुरुवात करा, आठवड्याला एखाद्या सेकंदाने वाढवा, आठ-दहा सेकंदांपर्यंत गेलात की पुरे. तोपर्यंत उचललेलं धरून ठेवून श्वास घेता-सोडता यायला लागेल. सरावल्यावर पाच-सहा वेळा झटकन उचलणं आणि पूर्ण सोडणं, असंही जोडा. शिंकेला तेच उपयोगी पडतं. पहिले तीन आठवडे पडून, मग बसून, मग उभ्याने. सकाळी चहा उकळताना, दुपारी आडवं होताना, रात्री झोपताना, अशी जागा नेमून द्या म्हणजे विसरत नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव मात्र करू नका. पूर्वी असं सांगितलं जायचं. रोज केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि संसर्गाची भीती राहते.

आता शिंक. येतेय असं कळतं आणि प्रत्यक्ष येते, या दोहोंमध्ये एक क्षण मिळतो. त्या क्षणी उचला, धरा, शिंका, सोडा. खोकण्याआधी, पाण्याची बादली उचलण्याआधी, गव्हाचा डबा खाली काढण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी हेच. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९९८ साली वयस्कर बायकांना नुसतं एवढंच शिकवलं होतं आणि आठवडाभरातच खोकल्याबरोबर होणारी गळती स्पष्ट कमी झाली. स्नायूची ताकद वाढायला महिने लागतात, पण वेळ साधणं लवकर जमतं.

गुण येतो का, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. येतो. जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये जो आढावा निघाला, त्यात शिंक-खोकल्याला लघवी होणाऱ्या आणि हे व्यायाम केलेल्या बायकांपैकी १०० मधल्या ५६ जणींनी त्रास बरा झाल्याचं सांगितलं. काहीच न केलेल्यांत किंवा इतर निष्क्रिय उपाय घेतलेल्यांत १०० मध्ये ६ जणींनी. या चाचण्या पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे याच झोळीच्या, व्यायामाच्या आहेत, ध्यान आणि कुंभकासह केलेल्या मूलबंधाच्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण उचलला जाणारा स्नायू तोच. डॉ. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, म्हणून लोक त्यांना ‘केगल’ म्हणतात. त्यांनीही नुसतं ‘आवळा’ सांगून बायकांना घरी पाठवलं नव्हतं. योनीमार्गात ठेवायचं, दाब दाखवणारं एक साधन त्यांनी दिलं होतं, आपलं बरोबर होतंय की नाही हे बाईला स्वतः डोळ्यांनी दिसावं म्हणून. मोबाईलवर केगल पोचलं, तपासणं मागेच राहिलं.

तुमच्या पत्रात शिंक आणि हसणं एवढंच आहे. पण एकदा आठवून पाहा, बाहेरून येऊन दाराला किल्ली लावताना एकदम घाई होते का, भांड्यांचा नळ सुरू केला की जावंसं वाटतं का, वाटेतच थेंब पडतात का? तसं असेल तर मूत्राशय स्वतःच अवेळी आकुंचन पावतंय. त्याची तऱ्हा वेगळी. तिथे चहा-कॉफी कमी करणं आणि जाण्यामधलं अंतर हळूहळू वाढवणं कामाला येतं. तीन दिवस वहीत लिहा, किती वाजता गेलात, किती पाणी प्यालात, गळती कशाने झाली. डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते. पाणी मात्र तोडू नका. मेनरोडला खरेदीला जायचं म्हणून सकाळपासून घोटभरही न पिणाऱ्या बायका मला माहीत आहेत. लघवी घट्ट झाली की मूत्राशय चिडतं, बद्धकोष्ठही वाढतं. ‘निघायच्या आधी एकदा जाऊन येते’ ही सवयही दिवसातून सहा-सात वेळा नको, थोडं भरलं तरी सूचना द्यायची सवय मूत्राशयाला लागते.

योगवर्ग सोडू नका. कपालभाती मात्र सध्या थांबवा, तिचे झटके थेट झोळीवर बसतात. बाकीची आसनं श्वास न कोंडता चालतील. सर मूलबंध म्हणतील तेव्हा तुम्ही तुमचे चार आणे लावा आणि त्यांनी सोडा म्हणायच्या आधीच सोडा. आणि सरांशी बोला. एवढं वाक्य पुरे आहे: “सर, मला पेल्विक फ्लोअरचा त्रास आहे, मी कुंभक आणि कपालभाती करणार नाही.” चांगला शिक्षक पुढे काही विचारणार नाही. हे वाचणाऱ्या योगशिक्षकांना मी मनापासून सांगते, ज्या क्रियेची जागा आपल्याला वर्गात उच्चारता येत नाही, ती चाळीस जणींना डोळे मिटून करायला लावू नका. महिन्यातून एक तास शिक्षिकेला किंवा फिजिओथेरपिस्टला बोलवा आणि त्या दिवशी पुरुषांचा वर्ग वेगळा घ्या.

तुम्ही मात्र एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच, कारण लघवी सुरू न होणं नवीन आहे. लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर करून घ्या. मग विचारा की पेल्विक फ्लोअर बघणाऱ्या महिला फिजिओथेरपिस्ट कुठे आहेत. स्त्रीरोग विभागातून चिठ्ठी मिळते, फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीतही चौकशी करता येते. एक-दोन भेटींत हाताने तपासून बरोबर-चूक कळलं की पुढचे तीन महिने फुकट जात नाहीत. लघवीतून रक्त, ताप आणि जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, यातलं काही असेल तर थांबू नका. आणि लघवी अजिबात होत नसेल किंवा कंबर दुखून बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.

आता सासूबाई. त्यांनी स्वतःहून मूलबंध सुरू करू नये. अंग बाहेर येतं म्हणजे गर्भाशय किंवा मूत्राशयाची, गुदाशयाची भिंत खाली सरकली आहे. किती सरकली आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही. थोडी असेल तर याच व्यायामाने जडपणा कमी होतो. जास्त असेल तर योनीमार्गात बसवायची रिंग मिळते. ती ओपीडीतच बसवतात, टाके नाहीत, भूल नाही, अधूनमधून काढून धुऊन पुन्हा बसवायची. ऑपरेशन हा पर्याय त्यानंतरचा, आणि वय ७३ असलं तरी डॉक्टर तो विचारात घेतात. तोपर्यंत त्यांना भरलेली बादली उचलू देऊ नका, खोकला आणि बद्धकोष्ठ अंगावर काढू देऊ नका. बाहेर आलेला भाग घासून जखम झाली, रक्त दिसलं किंवा लघवी अडली तर लगेच न्या.

त्या ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणाल्या ते बऱ्याच अंशी खरं आहे. त्यांच्या काळात त्याला दुसरं उत्तर कोणी दिलं नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षं ही गोष्ट एकटीने सांभाळून शेवटी त्यांनी ती तुम्हाला सांगितली. सुनेला हे सांगणं सोपं नसतं. तेव्हा तुमची डॉक्टरांची वेळ घ्याल तेव्हा दोघींचीही घ्या, पाठोपाठची. घरात काय सांगून निघायचं ते तुम्ही ठरवा. पण या वेळी पाय दुखतो असं सांगू नका.